गिऱ्हाईक विचारतंय तेच टाका की ओ

या खेपेला टपालात आणि व्हॉट्सॲपवर मिळून निम्म्याच्या वर प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, मोबाईलवर काय टाकावं आणि त्याने धंदा खरंच वाढतो का. उधारी वसुलीचे प्रश्न म्हणून पुढच्या अंकाला ढकलले, रागावू नका. पत्रं लांबलचक होती, थोडी कापलीत. नावं कुणाचीच देत नाही, गाव तेवढं दिलंय.

औशाहून एक ताई: सर, मी घरून येसर (भाजलेल्या धान्य-डाळीचं आमटीचं पीठ), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकते. आधी बचत गटातून करायचो, आता दोन वर्षं झाले स्वतःचंच करायले. भाच्याने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलंय, तो पाकिटाचे फोटो गाणं लावून टाकतोय, सण आला की शुभेच्छा टाकतोय. लाईक येतात पण ऑर्डर काही येईना. एका ट्रेनिंगमधे सांगितलं की कंटेंट मार्केटिंग करा. म्हणजे नेमकं काय करावं? इंग्रजी मला येत नाही आणि कॅमेऱ्यापुढं बोलायची लाज वाटते.

ताई, आधी ते सर काढून टाका. मी बीडकडं चौदा वर्षं बी-बियाण्याचं दुकान चालवलेला माणूस आहे, भाऊ म्हटलं तरी चालतंय.

नाव जड आहे, गोष्ट जुनीच आहे. जाहिरातीत आपण म्हणतो माझा माल घ्या. इथं आपण गिऱ्हाईकाच्या कामाचं काहीतरी सांगतो, फुकट सांगतो, आणि ते ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात येतं की या बाईला यातलं कळतंय बरं का. मग घ्यायची वेळ आली की तुमचं नाव आठवतं. हे मोबाईल आल्यावर निघालंय असं पण काही नाही. हिरवं-पिवळं जॉन डिअरचं ट्रॅक्टर बघता ना रोडवर, त्या कंपनीने अमेरिकेत १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं मासिक काढलं, फरो म्हणजे नांगराचं तास, आणि त्यात शेती कशी करावी याची माहिती असायची, ते अजून चालू आहे. आपल्याकडं किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याची खबरबात द्यायला सुरू झालेलं ते पत्रक पुढं घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, बियाण्याच्या कंपन्या एखाद्याच्या रानात मंडप टाकून पीक पाहणी ठेवतात, जेवण देतात, कीड कशी ओळखायची ते सांगतात, ते तरी दुसरं काय असतंय.

आता तुमचं. पाकिटाचा फोटो आणि दिवाळीच्या शुभेच्छा यातून गिऱ्हाईकाला काय मिळालं सांगा बरं? काहीच नाही. भाच्यावर रागवू नका, सगळेच तसं करायलेत. पण तुमच्या हातात जी गोष्ट आहे ती भारी आहे. येसर हा शब्दच पुण्या-मुंबईच्या कितीतरी लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ती आपलीच तिकडं गेलेली लेकरं आहेत, त्यांनी लग्नातली येसराची आमटी खाल्लेली आहे पण करायची कशी ते आईला फोन करून विचारावं लागतंय. ती आई म्हणजे तुम्ही व्हा.

एक वही घ्या आणि मागच्या दोन महिन्यात फोनवर कुणी काय काय विचारलं ते आठवून लिहून काढा. तुम्हाला न विचारताच सांगतो काय निघेल. पाच माणसाच्या आमटीला येसर किती, पाण्यात आधी कालवायचं का सरळ फोडणीत टाकायचं, गुठळ्या का होतात, येसर आणि काळा मसाला एकच का, लसूण आहे का त्यात, किती दिवस टिकतंय, मुंबईच्या दमट हवेत डब्यात ठेवावं का फ्रीजमधे. झाले की सात व्हिडिओ. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्यायचा, मिनिटभरात उत्तर द्यायचं आणि थांबायचं. चेहरा दाखवायची काही गरज नाही, हात, पातेलं आणि तुमचा आवाज एवढं पुरे. फोन दोन डब्यांच्या आधाराने उभा करा, खिडकीचा उजेड पातेल्यावर येऊ द्या, पंखा बंद करा कारण त्याचा आवाज लई येतो. आणि बोलायचं कसं तर नव्या सुनेला सांगता तसं, "हां, आता जाळ कमी कर" असं. गाण्याची पण गरज नाही, तसंही इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट असलं की सगळी गाणी वापरता येत नाहीत, तुमचा औशाचा आवाज हेच गाणं समजा.

आणि एक गंमत सांगून ठेवतो. येसर घरागणिक वेगळं असतंय, कुणी गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून घेतं, कुणी ज्वारी-बाजरी पण टाकतं. तुम्ही तुमची पद्धत सांगितली की खाली लोक भांडायला येतील, "आमच्यात असं नसतंय". येऊ द्या. त्यांना विचारा तुमच्यात कसं असतंय. त्या भांडणातून पुढचे दहा व्हिडिओ निघतात.

वेळ पण बघा. येळवस आपल्या लातूर-धाराशिवकडचा सण, मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव रानात जातंय, त्याच्या आठ-दहा दिवस आधी भज्जीचं, म्हणजे बेसन लावून केलेल्या ओल्या दाण्यांच्या भाजीचं, प्रमाण सांगणारा व्हिडिओ टाका, वीस माणसाला बेसन किती, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे किती, आंबील आदल्या दिवशी कधी लावायची. अमावस्येच्या दिवशी टाकून काय उपयोग, तेव्हा लोक जेवायला बसलेले असतात. पापड-कुरडईचं पण तसंच, उन्हाळा सुरू झाल्यावर सांगण्यापेक्षा फेब्रुवारीतच सांगायला लागा म्हणजे ऑर्डर आधी हातात येते आणि उडीद किती घ्यायचा ते कळतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चालणारी गोष्ट तर मोबाईलच्या बाहेरच आहे. प्रत्येक पाकिटात एक छोटी चिठ्ठी टाका, आमटीची पद्धत चार ओळीत आणि खाली तुमचा नंबर. हे पण कंटेंटच आहे. ती चिठ्ठी फ्रीजला चिकटते, रील कुठं चिकटतंय. आणि पाकीट पाठवताना सांगा की नंबर सेव्ह करून ठेवा, व्हिडिओ पाठवते, कारण व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. लई जणांना हे माहीतच नसतंय, दोनशे जणांना पाठवलं म्हणतात आणि पोचलेलं असतंय चाळीस जणांना.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षावाल्यांचा, १४ आकडी नंबर, वजन, घटक आणि बनवल्याची तारीख असू द्या, आणि त्याचा पण एक फोटो टाका, अनोळखी माणूस पैसे पाठवायच्या आधी तेच बघतो. फक्त एक करू नका, याने शुगर कमी होते, गुडघे दुखायचे थांबतात असलं काही लिहू नका. भाचा लिहील उत्साहात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखापर्यंत दंड आहे, आणि दंडाचं सोडा, आमटी चांगली लागते एवढं कारण काय कमी आहे का.

अंबडहून एक दादा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान: पोरगं म्हणतंय की यूट्यूबवर टाका. पण आपण सगळं सांगून टाकलं तर लोक घरीच करतील, आपल्याकडं कशाला येतील? दुसरं म्हणजे काळी झालेली मोटार बघायला कोण बसलंय?

दादा, दुसऱ्याचं आधी. ज्याची मोटार जळालीय तो बसलाय की. रात्री अकराला लाईट आली, शेतकरी रानात गेला, बटण दाबलं आणि मोटार नुसतीच गुणगुण करायली, फिरेना. तो तिथंच विहिरीवर उभा राहून मोबाईलमधे बोलतो, "मोटार आवाज करते पण फिरत नाही". त्याला त्या घडीला दुसरं काहीच बघायचं नसतंय. तुमच्या व्हिडिओचं नाव नेमकं हेच ठेवा, त्याच्याच शब्दात. 'विद्युत पंपाच्या बिघाडाची कारणे' असं नाव देऊ नका, असं कुणीच बोलत नाही. आणि उत्तर पण पहिल्या दहा सेकंदात द्या, आधी बटण बंद कर बाबा, नाहीतर आहे ती पण जळेल. मग सांगा की सिंगल फेज असेल तर कंडेन्सर गेला असेल, थ्री फेज असेल तर एक फेज गेलेला असू शकतो.

आता सांगून टाकण्याची भीती. कुणी शेतकरी घरी बसून तांब्याची तार गुंडाळणार नाही ओ. किती गेजची तार, किती वेढे, वार्निश, बेकिंग, त्याला ते करायचंच नाहीये. त्याला भीती वेगळीच असते, की दुकानदार आपल्याला फसवतोय का, खरंच जळालीय का, तार चांगली घालतोय का जुनीच. ही भीती घालवली की तुमचं काम झालं.

आणि तुमच्याकडं दाखवायला जेवढं आहे तेवढं क्वचित कुणाकडं असेल. जळालेली मोटार उघडली की ती स्वतःच सांगते का जळाली ते. तुम्हाला हे पाठ आहे, गिऱ्हाईकाला माहीत नाही. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर ओव्हरलोड किंवा व्होल्टेज कमी, मोटार जास्त करंट ओढत राहिली. कॉइल जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार कनेक्शनला दोन फेजच्या कॉइल जळाल्या आणि एकीच्या तशाच चकचकीत राहिल्या तर एक फेज तुटलेला होता. डेल्टाला उलटं, एकच जळते आणि दोन वाचतात. प्रत्येक मोटार उघडल्यावर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, बोटाने दाखवा, "हे बगा, या दोन काळ्या, ही चांगली, म्हणजे एक फेज नव्हता, स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा, असता तर हा खर्च वाचला असता." हा व्हिडिओ आधी त्याच गिऱ्हाईकाला पाठवा, त्याला विचारून मग बाकीच्यांसाठी टाका, नाव-गाव न सांगता. त्याचा विश्वास बसतो आणि तोच चार जणांना दाखवतो. वर प्रिव्हेंटर पण विकला जातो.

लोक म्हणतात मोटार जळू नये म्हणून सांगायला लागलास तर धंदा बुडेल तुझा. बुडत नाही. लाईटचा भरवसा आहे का आपल्याकडं? मोटारी जळायच्या तेवढ्या जळतातच, फक्त कुणाकडं आणायच्या ते ठरतं. विहिरीचं पाणी खाली गेलं की फेब्रुवारी-मार्चपासून मोटार कोरडी चालून जायचे प्रकार वाढतात, तर जानेवारीतच सांगा पाणी खाली जायलंय, बघत जा म्हणून.

एक तेवढं पाळा, चालू लाईटमधे स्टार्टर उघडून दाखवू नका आणि शेतकऱ्याला "तू पण करून बघ" म्हणू नका. दाखवायचं ते टेबलावर, वायर काढलेल्या मोटारीवर.

आणि यूट्यूबच्या आधी गुगलवर दुकानाची नोंद करा, फुकट आहे, मॅपवर दुकान दिसतं, फोन नंबर दिसतो. मी अंबडच्या रोडवर उभा राहून "जवळ मोटार रिवाइंडिंग" म्हटलं तर तुमचं दुकान यायला पाहिजे. दुकानाच्या पाटीचा फोटो टाका, वेळ टाका, बाजारच्या दिवशी लवकर उघडत असाल तर ते पण टाका. काम झालेल्या गिऱ्हाईकाला म्हणा दोन ओळी लिही. भाच्या-पुतण्याकडून खोटे रिव्ह्यू मात्र लिहून घेऊ नका, सगळ्यांनी एकाच दिवशी "बेस्ट सर्व्हिस" लिहिलेलं शेंबडं पोर पण ओळखतं.

लातूरहून, कपड्याचं दुकान: एक जण महिन्याला १५ हजार मागायलाय, ३० पोस्ट करून देतो म्हणतोय आणि ५ हजार फॉलोअरची गॅरंटी. द्यावं का?

नका देऊ. पाच हजार फॉलोअर कुठले ते विचारा त्याला, लातूरचे आहेत का. माझंच सांगतो, दुकान असताना एका पोराला पैसे देऊन पोळ्याला बैलजोडीचं रील करून घेतलं, ड्रोन बिन लावून. लाखाच्या वर लोकांनी बघितलं, केरळातून कमेंट आली, हृदयाची चित्रं आली. त्या महिन्यात त्या रीलमुळं माझ्याकडं बियाण्याची एक पिशवी पण गेली नाही. बैल भारी होता म्हणा.

त्या १५ हजारातले दोन हजार एका चांगल्या फोन स्टँडवर, माईकवर घाला आणि दुकानातली जी पोरगी गिऱ्हाईकाला साड्या दाखवताना तोंड थांबवत नाही तिला फोनपुढं उभं करा, तिला विचारून आणि पगार वाढवून. कापड धुतल्यावर आटतंय का, हा रंग सावळ्या पोरीला कसा दिसतो, लग्नात मानपानाच्या साड्या घ्यायच्या तर कितीच्या घ्याव्यात म्हणजे नाव पण राहील आणि खिसा पण. हे बाहेरून आलेल्या पोस्टवाल्याला काय माहीत असणार.

पैठणहून, पैठणी विणणारं कुटुंब: आम्ही दोघं भाऊ आणि वहिनी मागावर बसतो. लोक येतात, किंमत ऐकतात आणि म्हणतात बाजारात तर ही चार हजारात मिळते. ती मशीनची असते हे सांगून सांगून तोंड दुखलं. त्यांना कसं पटवायचं? आणि व्हिडिओ टाकले तर डिझाईन चोरतील अशी पण भीती आहे.

दादा, तोंडाने पटत नाही, साडी उलटी करून पटतं. पहिला व्हिडिओ फक्त एवढाच करा, एक हातमागाची आणि एक मशीनची शेजारी शेजारी ठेवा, सुलट्या बाजूने दाखवा, विचारा ओळखा कोणती. मग दोन्हीचे पदर पलटा. तुमच्या पदरावरचा मोर मागून पण तसाच दिसतो, कारण रंगाच्या छोट्या छोट्या कांड्या हाताने आत-बाहेर करून नक्षी विणलेली असते. मशीनच्या साडीला मागून दोरे लोंबलेले नाहीतर कापलेले दिसतात. हे एकदा बघितलेली बाई पुढच्या दुकानात गेल्यावर आधी पदर पलटून बघणार, तुम्ही तिथं नसताना तुमचं काम होणार. फक्त मशीनवाल्याला शिव्या देऊ नका, चार हजाराची साडी चार हजाराची म्हणून विकणारा काही चोर नाही, हातमागाची म्हणून विकणारा आहे. आणि येवल्याला पण नावं ठेवू नका, तिथं पण माग आहेत, ते तुमचेच भाऊबंद.

नंतर मला वाटतं तुम्ही एक साडी धरावी. एकच. ताणा, म्हणजे उभे धागे, लावल्यापासून मागावरून उतरेपर्यंत रोज वीस सेकंद, "आज दहावा दिवस, पदर एवढा झाला, आज लाईट नव्हती म्हणून दुपारीच उठलो, आज नक्षीतल्या मुनिया पाखराची चोच चुकली, उसवली." पदर भरगच्च असला तर महिने लागतात हे तुम्ही शंभरदा सांगा, डोक्यात शिरत नाही. चाळीस दिवस बघितलेल्या माणसाला किंमत विचारायची वेळ येते तेव्हा तो घासाघीस करताना जरा लाजतो. नाथषष्ठीला पैठणला एवढी गर्दी होते, त्यातले जे मागावर येऊन बघून जातात त्यांचा नंबर घेऊन ठेवा आणि त्यांना हीच रोजची खबर स्टेटसला दिसू द्या. घेणार सगळे नाहीत, पण लेकीचं लग्न निघालं की फोन येतो.

कागदाचं पण एक समजून घ्या आणि समजावून सांगा. पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१० साली मिळालंय, तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो कागद दाखवा. सिल्क मार्क असतो तो रेशीम खरं आहे एवढं सांगतो, हातमागाचं आहे का ते सांगत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. गिऱ्हाईकाचा इथं लई गोंधळ असतो आणि काही दुकानदार त्या गोंधळावरच जगतात.

राहिली डिझाईनची चोरी. आसावली, बांगडी मोर, कमळ, नारळी काठ ही काही तुमची-माझी नाहीत, पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहेत. तुमचं स्वतःचं नवीन काही असेल तर साडी विकली गेल्यावर दाखवा, आधी नको. चोरायला बसलेला पण तुमचा हात कुठून चोरणार.

परभणीहून एक जण: हे सगळं एआयकडून लिहून घेतलं तर चालतंय का? दोन मिनिटात पन्नास पोस्ट देतंय.

देतंय खरं, मी पण वापरतो. शुद्धलेखन बघायला, लांबलचक बोललेलं आखूड करायला, व्हिडिओखाली अक्षरं टाकायला चांगलं आहे. पण वरच्या ताईंसाठी म्हणून मी गंमत म्हणून येसराबद्दल लिहायला सांगितलं तर त्याने "आरोग्यदायी आणि पारंपरिक चवीचा अनमोल वारसा" असं लिहून दिलं. बरोबरच आहे, पण हेच वाक्य लोणच्याला पण चालतं आणि उदबत्तीला पण. गुठळ्या का होतात ते विचारलं तर तिथं मात्र औशाचीच बाई लागते. तुम्ही आधी फोनमधे बोलून घ्या, जसं सुचेल तसं, मग ते एआयला द्या आणि म्हणा माझे शब्द बदलू नको, फक्त नीट लाव. आणि लिहून आल्यावर मोठ्याने वाचा. जे वाक्य तुम्ही गिऱ्हाईकाला तोंडाने बोलणार नाही ते खोडा.

बदनापूरकडून, मोसंबीची रोपवाटिका: चार महिने झाले आठवड्याला दोन व्हिडिओ टाकायलो. दोनशे-तीनशेच्या वर कुणी बघत नाही. घरचे हसायलेत. बंद करावं का?

कोण बघतंय ते सांगा, किती ते नंतर. जालना, अंबड, पैठणकडचे दोनशे मोसंबीवाले तुमचा व्हिडिओ बघत असतील तर ते दोनशे लोक एका मंडपात बसलेत असं समजा. एवढे लोक जमवायला मंडप, जेवण, स्पीकर किती खर्च आला असता? आणि रोपं घेणारा माणूस घाईत घेत नाही. बाग वीस वर्षांची असते, चुकीचं कलम लागलं तर चार-पाच वर्षांनी कळतं, तेव्हा बोंबलून काय फायदा. म्हणून तो वर्षभर बघतो, गप बसून, लाईक न करता. बहुतेक लागवड पावसाळ्यात असते, तुमचा हिशेब जुलै-ऑगस्टला करा, मार्चमधे नको.

हिशेबाची पद्धत पण साधी ठेवा. फोन आला की एकच प्रश्न, "आमचं कुठून कळालं?" आणि वहीत लिहा, पाहुण्याकडून, बोर्ड बघून, व्हिडिओ बघून. तीन रकाने. सहा महिन्यांनी तिसऱ्या रकान्यात काहीच नसेल तर मग खुशाल बंद करा, मी स्वतः सांगेन बंद करा म्हणून.

तुमचे व्हिडिओ बघितले मी, पाठवलेल्या लिंकवरून. "आमच्याकडे उत्कृष्ट प्रतीची रोपे मिळतील" हे प्रत्येकात आहे. अहो ते सगळेच म्हणतात. शेतकरी विचारतो ते घ्या. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते रोप, कोणता, रंगपूर लिंबू का जंबेरी, माझ्या जमिनीला कोणता. एकरी किती रोपं बसतात, सहा बाय सहा मीटरवर साधारण ११० धरा आणि दोन-चार मर लागेल म्हणून जास्त. कलमाचा डोळा जमिनीच्या वर का ठेवायचा, तर तो मातीत गाडला की डिंक्या रोग यायला वाट मोकळी होते, हे खड्ड्यात उभं राहून हाताने माती लोटून दाखवा. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्रच आहे तुमच्या शेजारी, परभणीच्या विद्यापीठाचं, तिथल्या तज्ञांना विचारून घेत जा, म्हणजे चुकीचं पण सांगितलं जाणार नाही. आणि रोपं नेलेल्याच्या बागेत दुसऱ्या वर्षी जा, जगलेली दाखवा आणि मेलेली पण दाखवा, का मेली ते सांगा. मेलेलं रोप दाखवणारा रोपवाटिकावाला मी तरी अजून बघितला नाही, तुम्ही पहिले व्हा.

घरचे हसतील, हसू द्या. माझ्या रीलला पण हसले होते आणि तिथं ते बरोबर होते.

उदगीर तालुक्यातून, गावातलं किराणा आणि पिठाची गिरणी: आमच्या गावात दोनच दुकानं आहेत. आम्ही पण हे कंटेंट सुरू करावं का?

दादा, तुम्हाला याची फारशी गरज नाही, उगं कुणी सांगतंय म्हणून वेळ घालवू नका. तुमच्या गिऱ्हाईकाला तुमचं दुकान माहीत आहे, तुमचा स्वभाव माहीत आहे, तुम्ही कुणाला उधार देता आणि कुणाला देत नाही ते पण माहीत आहे. मिठाच्या पिशवीवर काय व्हिडिओ करणार. गिरणीचं मात्र एक करता येईल. बायका दळण डोक्यावर घेऊन येतात आणि लाईट नाही म्हणून परत जातात, नाहीतर नंबर लावून तास तास बसतात. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, तिथं गुड मॉर्निंगमधे हरवून जाईल, तुमच्या स्टेटसला सकाळी एक ओळ टाका, आज गिरणी किती ते किती चालू. लाईटची वेळ बदलली की ओळ बदला. उपवासाची भगर, शिंगाडा दळायचा वार वेगळा ठेवला असेल तर तो आदल्या रात्री टाका, कारण ज्वारीच्या मागं उपवासाचं दळण कुणी टाकत नाही.